दप्तराची राखण
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

माझें शिक्षण मॅट्रिकपुरतें. डोंबिवलीच्या एका प्राथमिक शाळेंत मीं चौतीस वर्षें मास्तरकी केली, आणि चौथीच्या मुलांना दरसाल शिवचरित्र शिकवितां शिकवितां मला इतिहासाच्या वाचनाचा नाद लागला. अशा माणसानें संगणकांतील माहितीच्या राखणीवर बोलावयास यावें, याचें आपणांस नवल वाटेल. मलाहि वाटतें. परंतु माझा भाचा ऐरोलीस एका कंपनींत ही राखण करण्याच्याच कामावर आहे. आपलें काम नेमकें काय असतें हें तो एकदां मला समजावून देत होता, तेव्हां हें आपण पूर्वीं कोठें तरी वाचलें आहे असें मला सारखें वाटत होतें. थोड्या वेळानें आठवलें. पेशव्यांच्या दप्तराच्या हकीकतींत वाचलें होतें.

"अरे, म्हणजे तूं दप्तरदारच कीं!" मी म्हणालों.

"मामा, आमच्याकडे त्याला लांबलचक इंग्रजी नांव आहे," तो हंसून म्हणाला, "पण मान बहुधा दप्तरदाराइतकाच असावा."

ठाणें, कल्याण, डोंबिवली हा सारा मुलूखच एका अर्थानें दप्तरदारांचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी आली, दुसऱ्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत गेली, आणि पुढें पिढ्यान् पिढ्या येथल्या घरांतील माणसें सकाळच्या गाडीनें दुसऱ्यांचे कागद सांभाळावयास जात आलीं. आजोबा हापिसांत खातेवह्या लिहीत, वडील बँकेंत होते, नातू सर्व्हर सांभाळतो. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेनें तर एकविसाव्या शतकाच्या आरंभींच आपला कारभार संगणकावर आणला, आणि राज्यांतील इतर नगरपालिकांपुढें तो नमुना म्हणून ठेवण्यांत आला. तेव्हां जुन्या दप्तराचें काय झालें, हें या घरांना सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

कल्याण हें मराठेशाहींत सुभ्याचें ठिकाण. शिवाजीमहाराजांनीं तें १६५७ सालीं घेतलें; पेशवाईंत येथें सुभेदार राही, आणि रामजी महादेव बिवलकर या सुभेदाराचें नांव जुन्या कल्याणकरांस अजून ठाऊक आहे. सुभेदार म्हटला कीं सुभ्यांत त्याचा शब्द शेवटचा, असें आपणांस वाटतें. कागदाच्या बाबतींत तसें नव्हतें. पेशवाईंतील सुभेदार-मामलेदारांच्या हाताखालीं दरखदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस. हे बहुधा वंशपरंपरेचे, आणि त्यांना कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. दिवाणानें पत्रावर आपली निशाणी करावयाची. हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वीं मुजुमदारानें तपासावयाचा. फडणिसानें तारीख घालून रोजचें खर्डें लिहावयाचें. दप्तरदारानें त्यावरून महिन्याचा गोषवारा काढून हुजुरास पाठवावयाचा. पोतनिसानें वसुलाचा व शिलकेचा हिशेब ठेवावयाचा. आणि नाणें खरें कीं खोटें हें पोतदारानें पाहावयाचें. एकच रक्कम इतक्या हातांतून जाई. त्यांतला एखादा हात खोटा निघाला तरी दुसऱ्याच्या वहींत खरें शिल्लक राही. लबाडी होत नसे असें नाहीं. ती करावयास पुष्कळ माणसें फितवावीं लागत, इतकेंच.

भाच्याला मीं हें सांगितलें तेव्हां तो गंभीर झाला. म्हणाला, "मामा, लहानशा कित्येक कंपन्यांत आज एकच माणूस नोंद घालतो, तोच ती पुसूं शकतो, आणि कोणीं पुसली याची नोंदहि त्याच्याच ताब्यांत असते." म्हणजे मुजुमदार, फडणीस, पोतनीस सर्व एकाच अंगरख्यांत! ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेंतून सुमारें ९४ कोटि रुपये गेले, तें प्रकरण आपणांस आठवत असेल. चोरांनीं तिजोरी फोडली नाहीं. पैसे काढणाऱ्या कार्डाची विचारणा बँकेच्या मूळ हिशेबाकडे जाऊं न देतां, वाटेंतच एका बनावट यंत्रणेनें 'द्या' असें उत्तर द्यावें, अशी त्यांनीं व्यवस्था केली. आणि अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून नोटा बाहेर पडल्या. मुजुमदाराला वगळून हुंडी वठली, असें आमच्या भाषेंत म्हणतां येईल.

दुसरी गोष्ट जागेची. १७६३ सालीं निजाम अलीची फौज पुण्यावर आली. पेशव्यांचें कुटुंब आणि सरकारी कागद सिंहगडाकडे रवाना झाले. मोगलांच्या एका तुकडीनें गडाखालचें गांव पेटविलें, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे पुष्कळ कागद तेथें नाहींसे झाले, असें ग्रँट डफनें लिहून ठेवलें आहे. कागद हलविणारा मूर्ख नव्हता. पुण्यास ठेवण्यांतहि जळण्याचीच भीति होती. परंतु संकट वेशीशीं आल्यावर दप्तर पाठीवर घेऊन धांवणें निराळें, आणि संकटापूर्वीं त्याची नक्कल दुसरीकडे असणें निराळें. पेशव्यांच्या दप्तरांत फड, बेहेडा, सरंजाम अशीं खातीं होतीं. त्यांशिवाय एकबेरीज दप्तर म्हणून एक खातें असे. श्रीमंतांची स्वारी कोठेंहि असो, हें खातें पुण्यासच राही, आणि सर्व खात्यांचे हिशेब तेथें येऊन वर्गवार लागत. आजच्या भाषेंत हा कांहीं अगदीं बॅकअप नव्हे, परंतु एकाच ठिकाणीं सर्व ठेवूं नये हा विचार त्यांत आहे.

नुसती नक्कल असून भागत नाहीं, हें आपल्या शेजारच्या बंदरानें दाखविलें. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रणालींतून निघालेला 'नॉटपेट्या' नांवाचा उपद्रव जगभर पसरला, आणि उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरांत मर्स्क या जहाज-कंपनीच्या समूहाकडे असलेल्या धक्क्याचें काम ठप्प झालें. त्या कंपनीला जगभर मिळून ४००० सर्व्हर व ४५००० संगणक नव्यानें उभे करावे लागले, असें पुढें तिच्या अध्यक्षांनींच सांगितलें. कोणत्या माणसास कोणतें दार उघडण्याची परवानगी आहे याची जी मूळ यादी, तिच्या प्रती कंपनीनें देशोदेशीं ठेवलेल्या होत्या. परंतु त्या एकमेकींशीं अहोरात्र जोडलेल्या, त्यामुळें एकीला लागलेली आग सर्वांना लागली. एकच वांचली, आफ्रिकेंतील घाना देशांत. कारण नेमक्या त्या वेळीं तेथली वीज गेली होती. आम्हां डोंबिवलीकरांना वीज गेल्याबद्दल देवाचे आभार मानण्याचा प्रसंग अजून आलेला नाहीं, म्हणून ही हकीकत मला विशेष वाटली.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. निजाम, चोर, उपद्रव हे सर्व बाहेरचे. १८१८ नंतर पेशव्यांचें दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, आणि तें लावण्याचें काम मॅक्लाउड नांवाच्या अधिकाऱ्याकडे आलें. त्यानें जी स्थिति कळविली ती वाचून वाईट वाटतें. नाना फडणिसांच्या काळीं दप्तरांत सुमारें दोनशें कारकून असत, आणि कागद नीट लागलेले असत. नाना १८०० सालीं वारले. दुसऱ्या बाजीरावांच्या कारकीर्दींत कारकुनांचा तो ताफा जवळजवळ मोडीत निघाला, आणि लोकांनीं दप्तरांतले कागद उचलून नेले तरी त्यांना कोणी हटकीनासें झालें.

हें शत्रूनें केलेलें नाहीं, धन्यानेंच केलें. आणि करतांना आपण कांहीं मोडीत आहों असें त्याला वाटलेंहि नसावें. कारकुनाचा पगार दरमहा डोळ्यांना दिसतो. जो कागद हरवला नाहीं तो कोणालाच दिसत नाहीं. दप्तर चांगलें चाललेलें असलें म्हणजे तें आपोआप चालतें असें धन्यास वाटूं लागतें, आणि मग पहिली काटछांट तेथेंच होते. माझ्या अल्प वाचनांत मीं जीं दप्तरें बुडालेलीं पाहिलीं, त्यांतलीं आगीनें बुडालीं त्यांपेक्षां या समजुतीनें बुडालीं तीं अधिक.

अशा वेळीं चाकरानें काय करावें? माझ्या भाच्याचाच अनुभव सांगतों. त्याच्या आधींच्या नोकरींत रोज रात्रीं सर्व माहितीची नक्कल निघे, आणि सकाळीं 'नक्कल झाली' असा निरोप यंत्रावर येई. वर्षानुवर्षें सर्वजण तो निरोप वाचून चहा प्यावयास जात. त्या नकलेवरून मूळ माहिती खरोखर पुन्हां उभी राहते कीं नाहीं, हें कोणींच पाहिलें नव्हतें. यानें एका रविवारीं पाहिलें. जवळजवळ एक तृतीयांश भाग उघडेना. वरिष्ठांस सांगितलें, तर ते म्हणाले, "पुढच्या तिमाहींत पाहूं." तेव्हां यानें तारीख घालून, काय उघडत नाहीं, तें न उघडल्यास कोणाचें काय नुकसान होईल आणि दुरुस्तीस किती खर्च येईल, हें सर्व लेखी कळविलें. तारीख घालणें हें फडणिसाचें मूळ कामच आहे. पुढें कांहीं महिने त्याच्याशीं कोणी धड बोलत नव्हतें. नक्कल मात्र दुरुस्त झाली.

त्या दिवसांत माझी बहीण, म्हणजे त्याची आई, मला म्हणाली, "दादा, तूं त्याला सांग, आपण आपलें काम करावें, वरच्यांना शिकवूं नये." मीं तसें सांगितलें नाहीं. वरच्यांना वेळेवर सांगणें हेंच त्याचें काम होतें, असें माझें मत आहे. सांगितल्यावरहि धन्यानें ऐकलें नाहीं तर दोष धन्याचा. परंतु न सांगतां गप्प बसलेल्या दप्तरदारास मला निर्दोष म्हणतां येत नाहीं. उलट, सगळें खापर त्या एका तरुणाच्या माथीं फोडणारे जे लोक असतात, त्यांच्याशींहि माझें जमत नाहीं. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानें जबाबदारी संस्थेवर घातली आहे. माहितीच्या राखणींत योग्य काळजी न घेतल्यास दंडाची मर्यादा २५० कोटि रुपयांपर्यंत आहे. त्याच्या आदल्या वर्षीं केंद्र सरकारच्या यंत्रणेनें असा हुकूम काढला कीं, संगणकावरील हल्ल्याची वर्दी सहा तासांच्या आंत द्यावी आणि यंत्रांच्या नोंदवह्या १८० दिवस जपून ठेवाव्या. कायद्यानें संस्थेस धरलें हें योग्यच झालें. पण संस्था कांहीं रात्रीं दोन वाजतां उठून यंत्राकडे पाहत नाहीं. पाहतो तो कोणाचा तरी भाचा.

आणि हें सर्व कोणासाठीं? दप्तर धन्याचें असतें हें खरें, पण त्यांत नांवें दुसऱ्यांचीं असतात. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशन बसलें, आणि इनामदारांना आपला हक्क कागदानें शाबीत करावा लागला. त्यांच्या सनदा पेशवे दप्तरांतील नोंदींशीं ताडून पाहिल्या जात. नोंद जुळली त्याचें वतन राहिलें. बनावट सनदा उघडकीस आल्या हें चांगलेंच; परंतु ज्याची खरी नोंद मधल्या बेबंदशाहींत कोणीं उचलून नेली असेल, त्या गरिबानें काय करावें? दप्तर नीट न राखल्याची किंमत श्रीमंतांनीं दिली नाहीं; कुठल्या तरी खेड्यांतल्या घरानें दिली. इतिहासाच्या अभ्यासकांनाहि हें दप्तर फार उशिरां खुलें झालें. रियासतकार सरदेसाई यांनीं त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत निघाले, तेव्हां कोठें सामान्य वाचकाला आंत काय आहे हें समजलें.

फार मागें जावयास नको. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली. तेव्हां तहसिलींतील जुनीं बाडें, शाळांचीं रजिस्टरें सर्व बाहेर आलीं, आणि त्यांतलें पुष्कळ मोडींत! मोडीचा सरकारी वापर विसाव्या शतकाच्या मध्यास बंद पडलेला. त्यामुळें मोडी वाचणाऱ्यांची जिकडेतिकडे शोधाशोध झाली. कागद होता, शाई होती, नोंदहि होती; वाचणारा नव्हता. त्या शोधाच्या राजकारणांत मी शिरत नाहीं. परंतु कोण्या एका कारकुनानें शंभर वर्षांपूर्वीं कंटाळत लिहिलेल्या एका शब्दावर आज कोणाच्या तरी मुलाचें शिक्षण अवलंबून असावें, ही गोष्ट दप्तरदारानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

वाचणाऱ्यावरून ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे आठवतात. १८९३ सालीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें त्या खटपटींतले ते एक प्रमुख. 'महाराष्ट्र सारस्वत' या ग्रंथामुळें त्यांचें नांव सर्वांस माहीत आहे. जुने कागदहि त्यांनीं 'मराठी दप्तर' या नांवानें छापले, आणि भागांना नांव दिलें 'रुमाल', कारण कागद ज्या चौकोनी फडक्यांत बांधून ठेवीत त्याला रुमालच म्हणत. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ शतकानुशतकें सांकेतिक लिपींत लिहून ठेवले होते. तिचा उलगडा राजवाड्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं केला, आणि भाव्यांनीं १९१९ च्या आवृत्तींत त्या वाङ्मयास स्थान दिलें. हें वाङ्मय कुलुपांत होतें खरें, पण किल्ली एका माणसाजवळ नव्हती. पंथांतल्या पुष्कळांना ती येत होती आणि गुरूकडून शिष्याकडे जात होती. म्हणून तें इतकीं शतकें टिकलें.

आमच्या शाळेची किल्ली एकाच जवळ होती. ती हकीकत सांगून आपली रजा घेतों.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचे प्राण. मुलाचें नांव, जन्मतारीख, जात, गांव, केव्हां आला, केव्हां गेला, सर्व त्यांत. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच मिळतो. २६ जुलै २००५ च्या पुरांत आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलें. आम्हीं चार शिक्षकांनीं रजिस्टरें बांकांवर पसरलीं, पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले, आणि पंख्याखालीं तीं वाळविलीं. शाई फुटली, पण अक्षर लागत होतें. दोन-तीन वर्षांनीं संगणक आला. एका होतकरू तरुणानें सुटीभर बसून १९८३ ते १९९४ पर्यंतच्या नोंदी त्यांत घातल्या, आणि वर पासवर्ड घातला. तें बरोबरच केलें. मुलांच्या जातीजन्माच्या नोंदी उघड्यावर टाकावयाच्या नसतात. मग कोणी तरी म्हणालें, आतां सर्व आंत आलें आहे, हीं कुबट बाडें कपाटांत कशाला? तीं माळ्यावर गेलीं. शिडी मींच धरली होती.

तो तरुण दुसऱ्या नोकरीवर गेला, आणि पासवर्ड त्याच्या बरोबर गेला. पुढें त्याचा पत्ता लागला तेव्हां त्यालाहि तो आठवेना. एका दुरुस्तीवाल्यानें यंत्र मोकळें करून दिलें. तें इतकें मोकळें कीं आंत कांहींच उरलें नाहीं. माळ्यावर चढून पाहिलें तर वाळवी. कांहीं दिवसांनीं माझाच एक विद्यार्थी आला. मुलीच्या जात-पडताळणीसाठीं त्याला स्वतःच्या नोंदीचा उतारा हवा होता. "नोंद नाहीं कशी, गुरुजी? माझें नांव तुम्हींच लिहिलें होतें ना?" लिहिलें होतें. माझ्याच अक्षरांत.

निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारीं शाळेंत जाऊन बसतों. त्या अकरा-बारा वर्षांतले विद्यार्थी आपापले जुने दाखले, प्रगतिपुस्तकें घेऊन येतात, आणि मुख्याध्यापकांसमोर त्यांचे उतारे उतरून घेतों. भाचा त्यांच्या नकला काढून देतो. एक शाळेंत राहते, दुसरी मोहोरबंद करून ठाण्यास संस्थेच्या चिटणिसांकडे, आणि किल्ली तीन जणांना ठाऊक आहे. तिघांचीं नांवें मुख्याध्यापकांच्या वहींत आहेत. दर सहा महिन्यांनीं ती नक्कल उघडून पाहावयाची असा भाच्याचा नियम आहे, आणि तो मला त्यासाठीं फोन करतो. आजवर दोनशें सोळा नोंदी जमल्या आहेत. १९८८ साल मात्र अजून रिकामें आहे. त्या वर्षीं माझ्या चौथीच्या वर्गांत बेचाळीस मुलें होतीं; त्यांतलीं तेवीस नांवें मला आठवतात.